पानीवाल्या महाराजांचा नक्शा

आमच्या गल्लीत कुणाकडे वास्तुशांत निघाली की काकांना बोलवायचं की नाही, यावरून त्या घरात आधी वाद व्हायचा. न बोलवावं तर वाईट दिसणार, कारण गल्लीत वयानं सगळ्यांत मोठे तेच. बोलवावं तर ते येणार. आले की सरळ दारातून आत जायचे नाहीत. घराच्या बाजूच्या बोळात शिरायचे, छतावरून उतरणारा पाइप कुठे संपतो ते वाकून बघायचे, मग खिशातून काचेची गोटी काढून अंगणात सोडायचे आणि ती घरंगळत जाईल तसे तिच्या मागोमाग चालायचे. गोटी फाटकाबाहेर रस्त्यावर गेली, तर यजमानाच्या हातून पेढा घेताना एवढंच म्हणायचे, "मकान छान आहे, पण पाणी बाहेर हाकलून राहिलं आहे." यजमानाचं तोंड पडायचं. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. ते पंगतीत बसून दोनदा श्रीखंड मागून घ्यायचे.

उज्जैनमध्ये घर बांधायचं म्हणजे आधी नक्शा पास करून घ्यायचा. मी अकोल्याहून बँकेत बदली होऊन आले तेव्हा 'नकाशा' म्हणायचे, पण वर्षभरात माझाही नक्शा झाला. काकांची सगळी नोकरी हे नक्शे पास करण्यात गेली. त्यांच्या हाताखाली काम केलेले लोक सांगतात की खरं तर ती नक्शे परत पाठवण्यात गेली. गल्लीत त्यांना सगळे 'नक्शेवाले साहब' म्हणत. आम्ही दोन-चार मराठी घरं तेवढी काका म्हणायचो.

खिडकी लहान आहे, जिना अरुंद आहे, असल्या चुका ते एकवेळ सोडून द्यायचे. पाण्याच्या बाबतीत मात्र तडजोड नव्हती. प्लॉटची ठरलेली जागा मोकळी सोडायची, तिच्यातही काही भाग मातीचाच ठेवायचा, फरशी घालायची नाही. छताचं पाणी पाइपानं खाली आणायचं, पावसाचा पहिला मळका लोंढा वेगळा काढायचा आणि बाकीचं पाणी रेती आणि गिट्टीच्या थरातून गाळून आपल्याच आवारातल्या शोषखड्ड्यात सोडायचं. हे नियम ते सकाळच्या फिरण्यात एखादं स्तोत्र म्हणावं तसे पुटपुटत जायचे. "आपल्या छतावर पडलं ते आपलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतःच्या छताचं पाणी दुसऱ्याच्या दारात ढकलणारा माणूस त्यांच्या लेखी खिसेकापूच्या वर नव्हता.

हे फक्त दुसऱ्यांसाठी होतं असंही नाही. स्वतःच्या घराचा नक्शा त्यांनी रीतसर दुसऱ्या साहेबांकडे दिला. त्या साहेबांनी मैत्रीखातर न बघता सही करून टाकली. काकांनी फाइल परत मागवली, स्वतःच्याच नक्शात बाजूची मोकळी जागा वीतभर कमी असल्याची चूक काढली आणि स्वतःच्याच नावे आक्षेप पाठवला. त्या वीतभर जागेपायी काकूंचं स्वयंपाकघर पुढच्या उन्हाळ्यावर गेलं. काकू हे सांगताना अजूनही चिडतात. त्या म्हणतात, "बघायला आले तेव्हा यांनी मला कुठे पाहिलं? आमच्या अंगणाचा उतार पाहिला. तो बरोबर निघाला म्हणून लग्न जमलं."

काकांचे पूर्वज कधीतरी अठराव्या शतकात दरबारी कारकून म्हणून माळव्यात आले आणि इथलेच झाले. त्यामुळे त्यांचं मराठी फार मजेचं होतं. रोजच्या बोलण्यात 'मालूम आहे' आणि 'येऊन राहिलो' असायचं, रागावले की हिंदी, आणि नियम सांगायला लागले की एकदम असं कडक मराठी की मला शाळेतल्या व्याकरणाच्या बाई आठवायच्या. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला ते फ्रीगंजमधल्या आमच्या शाखेत यायचे. एकदा तिथेही त्यांनी गोटी सोडली. ती कॅश काउंटरखाली गेली. कॅशियर आणि दारावरचा बंदूकवाला गार्ड दोघं गुडघ्यांवर बसून शोधत होते, रांग थांबली होती, मॅनेजर काचेतून बघत होते आणि मी ओळख न दाखवता रजिस्टरात डोकं घालून बसले होते. काका माझ्याच टेबलापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सूनबाई, गोटी मिळेल हो. ती तिकडे का गेली, ते विचारा न."

आता माझ्या घराचं सांगते, कारण त्याच्याशिवाय काका कळायचे नाहीत.

आमचं घर गल्लीतलं शेवटचं. ते आम्हाला सहज का मिळालं, हे पहिल्याच पावसाळ्यात कळलं. गल्ली वरून खाली उतरते आणि आमच्या फाटकाशी संपते. वरच्या सगळ्या घरांचं पाणी रस्त्यावर येऊन मुकाट्यानं आमच्याकडे यायचं. फाटकातून अंगणात, अंगणातून पुढच्या खोलीत. गहू, गाद्या, मुलीची पुस्तकं, माझं शिवणाचं मशीन, सगळं पलंगावर. पाणी ओसरलं की चिखल आणि गाड्यांच्या तेलाचा तवंग राहायचा, त्याचा वास दिवाळीपर्यंत जायचा नाही. तिसऱ्या पावसाळ्यात नवऱ्यानं स्पष्ट सांगितलं की आणखी एकदा पाणी आत आलं की घर विकायचं आणि देवास रोडला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा. त्याचं चूक नव्हतं. पण ते माझं पहिलं घर होतं. सगळा जन्म बदल्यांच्या क्वार्टर्समध्ये गेलेल्या बाईला स्वतःच्या अंगणातला मोगरा म्हणजे काय, हे मी त्याला समजावून सांगू शकले नाही. मी चिडून नुसती भांडी आपटली.

त्याच आठवड्यात काका आले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात चपला. आमच्या पुढच्या खोलीतल्या चिखलात उभे राहून ते मला म्हणाले की मी माफी मागायला आलो आहे. मला काही समजेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की त्यांचं स्वतःचं घर सोडलं तर या गल्लीतला एक-एक नक्शा त्यांच्या सहीनं पास झाला होता. कागदावर प्रत्येक घराला माती होती, शोषखड्डा होता. नक्शा पास झाला की लोकांनी मातीवर टाइल्स घातल्या, खड्ड्यावर गाडी उभी केली, कुणी मोकळ्या जागेत दुकान काढलं. "कागदावर या गल्लीतून एक थेंब खाली यायला नको," ते म्हणाले. "हे जे तुमच्या घरात आलं आहे न, हे सगळं माझ्या सहीचं पाणी आहे." त्यांचे डोळे भरले होते. इतके दिवस मला त्यांच्या वेडाचं हसू यायचं, त्या दिवशी पहिल्यांदा माया वाटली.

पुढचा उन्हाळाभर काकांनी गल्लीला झोपू दिलं नाही. वरच्या घरांच्या टाइल्स उखडायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मधला मार्ग निघाला. आमच्या फाटकाच्या जरा वर, कॉलनीची जी मोकळी पट्टी होती तिच्यात सगळ्या गल्लीचा मिळून एक मोठा शोषखड्डा करायचा. रस्त्यावर आडवी नाली आणि तिच्यावर लोखंडी जाळी, नालीतून पाणी एका हौदात, तिथे गाळ आणि तेल मागे राहणार, आणि तिथून गिट्टीच्या खड्ड्यात. काकांनी परवानगीचे खेटे स्वतः घातले. खोदताना एक काळा, गुळगुळीत, कलिंगडाएवढा दगड निघाला. तो त्यांनी हौदाच्या कडेला उभा रोवला, म्हणजे कुणाची गाडी वर चढणार नाही.

गाडी चढली नाही, पण कचरा आला. आमच्या गल्लीची अशी रीत आहे की जिथे जाळी दिसेल तिथे पॉलिथिनची थैली सोडायची. काकांनी हात जोडून सांगितलं. मग पाटी लावली, तिच्यावर नियमाचं कलम मोठ्या अक्षरांत. लोक त्या पाटीच्या खांबालाच थैल्या टांगू लागले. पावसाळा तोंडावर आला होता, नवरा फ्लॅटची माहिती काढून आला होता, आणि जाळी रोज तुंबत होती.

एके दिवशी सकाळी बघते तर दगडाला शेंदूर. डोळे नाहीत, काही नाही, नुसता लालभडक शेंदूर. त्या दिवसापासून तिथे एक थैली पडली नाही. मला वाटलं, सुटलो.

उज्जैनचे लोक मी ओळखायला हवे होते. या शहरात शेंदूर लागलेल्या दगडाकडे पाठ करून कुणी पुढे जात नाही. आधी एक झेंडूचं फूल आलं, मग उदबत्ती, मग नारळ, मग लाल चुनरी. तो दगड कुणाचा, यावर दोन मतं होती, काहींना तो भैरव वाटायचा, काहींना हनुमान. समोरच्या अम्माजींनी तो प्रश्न मिटवला. अम्माजी म्हणजे गल्लीच्या न्यायाधीश, त्यांच्या दारापुढचा ओटला म्हणजे कोर्ट. त्या म्हणाल्या, पाण्याच्या जागी बसले आहेत, तर हे पानीवाले महाराज. झालं, नाव पडलं. टावर चौकात नमकीनचं दुकान असलेले आमचे शेजारी, ज्यांना सगळे भाईसाहब म्हणतात, त्यांची स्कूटर देवास गेटवरून चोरीला गेली होती. त्यांनी महाराजांना नारळ फोडला आणि संध्याकाळी स्कूटर बस स्टँडच्या मागे उभी सापडली. त्यानंतर दुसऱ्या गल्लीचे लोकही यायला लागले.

आषाढात पहिली मोठी सर आली तेव्हा सगळी फुलं, नारळाच्या शेंड्या आणि चुनऱ्या वाहत जाऊन जाळीवर बसल्या. पाणी जाळीवरून उडी मारून सरळ माझ्या अंगणात आलं. ते उंबऱ्याशी आलं आणि पाऊस थांबला म्हणून वाचले, नाही तर घर त्याच दिवशी गेलं होतं. मी तशीच ओल्या साडीनं काकांच्या घरी गेले आणि हा शेंदूर कुणी फासला त्याचं मी काय करते बघा, असं म्हणाले. काका खिशातली गोटी चाचपायला लागले. काकू आतून म्हणाल्या, "सांगा की आता. माझ्या देवघरातली डबी रिकामी झाली, मला मालूम नाही काय?"

मी डोक्याला हात लावला. नियमाची पाटी टिकेना म्हणून या माणसानं चोरून पहाटे शेंदूर लावला होता. वीतभर जागेसाठी स्वतःचीच फाइल परत मागवणारा माणूस. मला राग यायला हवा होता, पण मी हसत सुटले, आणि काका केविलवाणे होऊन म्हणाले की हसू नका, पुढचं ऐका. भाईसाहबनी ठरवलं होतं की महाराजांना चबूतरा बांधायचा. चारी बाजूंनी टाइल्स, वर पत्र्याचं छप्पर. म्हणजे हौदही झाकला जाणार आणि जाळीही. रविवारी अम्माजींच्या ओटल्यावर बैठक होती.

त्या बैठकीला सगळी गल्ली आली, कारण भाईसाहबनी पोहे, सेव आणि जलेबी ठेवली होती. चबूतऱ्याचा विषय निघाला. कुणी पांढऱ्या टाइल्स म्हणालं, कुणी लाल. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या चेहऱ्यावर फ्लॅट दिसत होता. एवढ्यात काका उठले. पोह्यांची डिश हातात घेऊनच. हिंदीत बोलायला लागले, म्हणजे मला वाटलं रागावले. पण ते रागावले नव्हते, घाबरले होते.

"वो सिंदूर मैंने लगाया था," ते म्हणाले. "कचरा रोकने के लिए। वहाँ कोई महाराज नहीं हैं।"

भाईसाहबच्या हातातली जलेबी तशीच राहिली. आता या वयात काकांना गल्ली काय काय ऐकवणार, असं मला वाटलं. सगळे अम्माजींकडे बघायला लागले. अम्माजींनी सावकाश तोंडातला घास संपवला.

"तो क्या हुआ?" त्या म्हणाल्या. "हर जगह किसी न किसी ने तो पहली बार लगाया ही होगा। अब लगा दिया है, तो निभाओ।"

काकांनी डिश खाली ठेवली. मग त्यांचा चेहरा असा खुलला की मी तो कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, ठीक आहे, महाराज खरे. मग महाराजांचं बांधकामही नियमाप्रमाणेच होईल, त्यांचा नक्शा पास करून घ्यावा लागेल. आणि तिथेच, पोह्यांच्या डिशखालच्या वर्तमानपत्राच्या कडेला, त्यांनी महाराजांचा नक्शा काढला. चारी बाजूंनी मोकळी जागा, ती मातीची, फरशी नाही. जाळीपासून फुलांची टोपली इतक्या लांब. निर्माल्य रोज उचलायचं, ते अम्माजींच्या झाडांना. नारळ दुसऱ्या बाजूला फोडायचा. छप्पर नाही.

छपरावर भाईसाहब अडले. त्यांचंही खोटं नव्हतं, मनापासूनच होतं. ज्यानं आपली स्कूटर आणून दिली त्याला उन्हापावसात कसं ठेवायचं, असं ते म्हणत होते. काका त्यांना समजावत होते की छपरावर पडलेलं पाणी मग महाराज सोडणार कुठे, शेजाऱ्याच्या दारात? भाईसाहबना ते पटेना. शेवटी अम्माजीच वैतागल्या.

"महाकाल की नगरी में बैठे हो," त्या म्हणाल्या. "यहाँ देवता पर दिन भर पानी चढ़ता है, और तुम पानीवाले महाराज को पानी से ही बचाओगे?"

भाईसाहबनी जलेबी तोंडात टाकली. नक्शा पास झाला. अम्माजींनी काकांना आणखी एक काम लावलं, की शेंदूर तुम्ही लावला तर रोजचं निर्माल्यही तुम्हीच उचलायचं. दुसऱ्या दिवसापासून नक्शेवाले साहब पहाटे टोपली घेऊन महाराजांपाशी हजर. कुणी नारळ चुकीच्या बाजूला फोडला तर ते भक्ताला थांबवून समजावत, आणि गंमत म्हणजे लोक ऐकत. जे कलम पाटीवर कुणी वाचलं नव्हतं, ते महाराजांचा नेम म्हणून गल्लीला पाठ झालं. वरच्या दोन घरांनी तर आपल्या अंगणातल्या टाइल्स काढून माती केली, कारण महाराजांना फरशी चालत नाही. त्यातलं एक घर भाईसाहबचं.

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी तो पाऊस आला. मी उज्जैनमध्ये तसा पाऊस त्याआधी पाहिला नव्हता. समोरचं अम्माजींचं घर दिसेनासं झालं. नवऱ्यानं गाद्या पलंगावर टाकायला सुरुवात केली, मुलीनं आपली पुस्तकं आणून दिली. मी मशीनवर चादर बांधत होते. हे आपण शेवटचं बांधतो आहोत, आता पुढचं बांधणं ट्रकवाल्यासाठी, असं वाटून मला रडू येत होतं.

मग मला राहवेना. मी छत्री न घेताच बाहेर गेले. गल्लीतून तांबूस पाण्याचा लोंढा येत होता आणि त्याच्या मधोमध काका उभे होते, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात, डोक्यावर काकूंची स्वयंपाकघरातली परात. वरून एक-दोन फुलं यायची, ती ते वाकून उचलायचे. अम्माजी ओटल्यावरून कुठून काय वाहत येतंय ते ओरडून सांगत होत्या. भाईसाहब झाडू घेऊन जाळीपाशी बसले होते. लोंढा जाळीपर्यंत यायचा, तिथे घुटमळायचा आणि खाली जायचा. हौदातून गुडगुड आवाज येत होता. माझ्या फाटकापाशी रस्ता ओला होता, इतकंच.

पाऊस ओसरायला लागला तसे काका माझ्याकडे बघायला लागले. मी पळत आत गेले. अंगण, उंबरा, पुढची खोली, दिवाणाखाली, कपाटामागे, सगळीकडे हात फिरवून पाहिला. नवरा एक गादी धरून मधेच उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ती गादी परत खाली ठेवली. मग दुसरी उतरवायला लागला.

मी बाहेर आले आणि काकांना सांगितलं, "कोरडं आहे."

काकांनी परात खाली ठेवली. चष्मा काढून ओल्याच सदऱ्याला पुसला. मग चपला काढल्या आणि तिथेच रस्त्यावर उभं राहून, डोळे मिटून, त्या दगडाला दोन्ही हात जोडले. मी आनंदानं रडत होते, तरी मला हसू आलं. मी म्हटलं, "काका, शेंदूर तर तुम्हीच लावलात न?"

"मालूम आहे," काका म्हणाले. त्यांनी डोळे उघडले नव्हते. "पण सूनबाई, मी पास केलेल्या नक्शाप्रमाणे राहिलेला हा पहिलाच आहे. याला नाही, तर कुणाला हात जोडू?"